चुंबकांची जुडी

लोहचुंबकालाही झोप लागते, त्यालाही एकटेपणा सोसवत नाही आणि त्याच्या उशाशी कोणी दार आपटले तर त्याच्या अंगातले बळ थोडे थोडे झिजत जाते, असे मनापासून मानणारा आणि या एका मतासाठी मीटर वाचायला येणाऱ्या माणसापासून चर्चच्या फादरांपर्यंत साऱ्यांशी भांडण पत्करणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे सांडोरचे घरमालक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही साताऱ्याकडची दोन माणसे नोकरीपायी वसईत आलो आणि त्यांच्या केळीच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागलो. खोल्या दाखवताना त्यांनी पाण्याचा विषय काढला नाही, विजेचा काढला नाही, पाहुण्यांचाही काढला नाही. माझ्या यजमानांकडे रोखून पाहत त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्याकडे लोखंडी कपाट आहे?" आम्ही काहीशा अभिमानाने होय म्हणालो, कारण लग्नात मिळालेली ती आमची एकुलती एक भारदस्त वस्तू होती. "मग ते या भिंतीला लावायचं नाही," ते म्हणाले. "पलीकडे माझे चुंबक झोपतात." आम्ही तिथे राहिलो तोवर ते कपाट स्वयंपाकघरात उभे होते आणि माझ्या साऱ्या रेशमी साड्यांना लसणाच्या फोडणीचा वास येत असे.

त्याच दिवशी मी त्यांना 'अंकल' म्हटले. वसईत ख्रिस्ती वडीलधाऱ्यांना तसेच म्हणतात, असे मला कोणीतरी सांगून ठेवले होते. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिले. "अंकल कोण? मी कोणाचा साहेब नाही. आमच्या सात पिढ्या याच वाडीला पाणी शिंपत गेल्या. काका म्हणा." त्यांचा नकार हा असा असे, सरळ आणि कोरडा, नुकत्याच कापलेल्या बांबूच्या पेरासारखा. तो ऐकणाऱ्याला कधी कधी लागत असे; पण त्यात कोणाविषयी आकस नसे.

काका मुंबईतल्या एका कारखान्यात पंख्यांच्या आणि मोटारींच्या तारा गुंडाळण्याचे काम करून निवृत्त झाले होते. तरुणपणी ते गावच्या लग्नांत बँडबरोबर गिटार वाजवत. या दोन आयुष्यांची गाठ त्यांनी म्हातारपणी बांधली: ते गिटारचे पिकअप बनवू लागले. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी, काड्याच्या पेटीहून थोडी लांबट अशी एक डबी. तिच्यात चुंबकाच्या सहा कांड्या उभ्या असतात, प्रत्येक तारेखाली एक, आणि त्या कांड्यांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. वर पोलादी तार थरथरली की खाली तांब्यात ती थरथर उतरते आणि पुढे कर्ण्यातून आवाज होऊन बाहेर पडते. काकांनी हे सारे मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितले आणि मी मान डोलावली. त्यांची खात्री पटली नाही. "समजलं नाही तरी चालेल," ते म्हणाले, "पण दार हळू लावत जा."

चुंबकांच्या कांड्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याने, जहाजावर नोकरी करत असताना, परदेशातून आणून दिल्या होत्या. करंगळीच्या अर्ध्या लांबीच्या, शिशाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, करड्या आणि हाताला गार. सोबती पुढे देवाघरी गेला आणि तसल्या कांड्या इथे कुठे मिळेनात. त्यामुळे होत्या तेवढ्या सांभाळणे हेच काकांचे व्रत होऊन बसले. त्यांच्यासाठी त्यांनी सागवानी फडताळ केले होते, ज्यात एक लोखंडी खिळा नव्हता; बिजागऱ्या पितळेच्या, कडी लाकडाची. आतल्या कप्प्यांत कांड्या जोडीजोडीने निजत, एकीचे डोके दुसरीच्या पायाशी; घरात पाहुणे वाढले की मुलांना उलटसुलट निजवतात, अगदी तशा. प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना मऊ लोखंडाची एकेक पट्टी आडवी लावलेली असे. तिला काका 'उशी' म्हणत. उशी असली की चुंबकाचा जोर इकडून तिकडे फिरत राहतो, बाहेर सांडत नाही, असे त्यांचे सांगणे होते. डोके कोणते आणि पाय कोणते हे कळावे म्हणून डोक्यावर लाल ठिपका. तो ठिपका नखांना लावायच्या रंगाचा असे आणि तो रंग आणायला हा पांढऱ्या मिशांचा गृहस्थ वसईच्या होळी नावाच्या बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात स्वतः जात असे. दुकानदार गालात हसला तर त्यालाच सुनावत असे, "फिका देऊ नका. लांबून दिसला पाहिजे."

समुद्र आमच्यापासून फार दूर नव्हता. पाचूबंदराकडून सुटलेला वारा केळीची पाने फाडत वाडीत शिरे आणि ओठांवर मीठ ठेवून जाई. त्या वाऱ्याशी काकांचे उघड वैर होते. "खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, असं लोक म्हणतात. लोक गंजू देतात, म्हणून टिकत नाही." पावसाळाभर ते तांदूळ भाजून कापडी पुरचुंड्यांत भरत आणि फडताळाच्या कोपऱ्यांत ठेवत, म्हणजे आतली ओल ते तांदूळ पिऊन टाकतील. भाजल्या तांदळाचा तो खमंग, किंचित जळका वास, त्यात शिवणयंत्राच्या तेलाचा गुळगुळीत वास आणि बाहेरून येणारा केळीच्या चिकाचा तुरट वास. आजही यांतला एखादा वास कुठे आला की उरलेले दोन मी मनाने भरून घेते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटायला बाया येत, अंगणात उखळीवर उंच मुसळे पडू लागत आणि हळद, मिरची, धणे यांची लालपिवळी धूळ उन्हात तरंगत राही. तेव्हा काका साऱ्या कांड्या एका रुमालात, जोड्या न मोडता, उराशी धरून वाडीच्या पार टोकाला विहिरीपाशी जाऊन बसत, कारण दणक्यांनी चुंबकाचे बळ उतरते. बाया मुसळ थांबवून त्यांच्याकडे बघत आणि एकमेकींना म्हणत, "चालले बाळंतिणीला घेऊन."

या व्रतात माझा वाटा कणकेचा होता. चुंबकाला हवेतली, रस्त्यावरची, कुठलीशी बारीक लोखंडी पूड येऊन चिकटते आणि फडक्याने पुसली तर ती नुसती इकडची तिकडे होते. त्यावर काकांनी शोधलेला उपाय म्हणजे घट्ट कणकेचा गोळा. तो कांडीवरून फिरवला की पूड त्यात रुतून निघते. पण त्यांच्या घरी तांदळाची भाकरी, तिच्या पिठाला तो चिवटपणा नाही. म्हणून दर शनिवारी पितळेची वाटी घेऊन ते आमच्या दारात उभे राहत. "वहिनी, मळली का? मागच्या वेळची सैल होती." मी साताऱ्याची, माझ्या कणकेला सैल म्हणणारे हे पहिलेच. त्यांच्याकडून परत येणारा तो गोळा राखेसारखा करडा झालेला असे. मी एकदा तो कोंबड्यांपुढे टाकायला निघाले, तर त्यांची थोरली बहीण आतून म्हणाली, "नको गं टाकू. अंड्यात खिळे निघतील."

त्यांच्या ओसरीच्या पायरीशी लाकडी खोका ठेवलेला होता. येणाऱ्याने आपल्याजवळचे लोखंड त्यात काढून ठेवायचे, मगच वर यायचे. मीटर वाचणारा आपला किल्ल्यांचा जुडगा आणि पेचकस त्यात टाके आणि पुटपुटत वर चढे. घराला आशीर्वाद द्यायला फादर आले तेव्हा काकांनी त्यांनाही मनगटावरचे घड्याळ काढायला लावले. फादर हसून म्हणाले, "बंद पडेल म्हणून?" "घड्याळाची मला काळजी नाही, फादर," काका म्हणाले. "यांची झोपमोड होते." पाचूबंदरची कोळीण बोंबील घेऊन येई, तिचा कोयता पाटीतून काढून त्या खोक्यात ठेवायला सांगितला की ती कमरेवर हात ठेवून विचारी, "दादा, तुमचा देव लोखंडाला भितो काय? आमच्या होडीत खाली पानी आनि वर लोखंड, आमी काय मेलो?" तरीही ती कोयता ठेवत असे. एकदा जमिनीचा एक दलाल आला. वाडी विकून टाका, इथे चार मजले उठतील, असे सुचवायला तो आला होता. खोक्याचा नियम ऐकून त्याने किल्ल्या ठेवल्या आणि मग गळ्यातली जाड साखळीही, सर्वांना दिसेल अशा बेताने, काढू लागला. "सोनं राहू द्या," काका म्हणाले. "त्याला माझे चुंबक विचारत नाहीत." दलाल पुन्हा आला नाही.

आवाजाविषयीही त्यांची मते अशीच होती. लग्नांच्या बँडमधली तरुण पोरे त्यांच्याकडे पिकअप दुरुस्तीला येत आणि म्हणत, "काका, आवाज मोठा करून द्या, एकदम फाडू." काका म्हणत, "मोठा पाहिजे तर फटाके लाव. माझ्याकडे कशाला आलास?" पोरे हसत, पण जात नसत, कारण मुंबईपर्यंत त्यांच्यासारखी बारीक तार गुंडाळणारे कोणी त्यांना ठाऊक नव्हते. गुंडाळणे चाले ते बहिणीच्या शिवणयंत्राच्या चाकावर. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडत राहायचे; तार इतकी बारीक की उजेड तिच्यावर पडला तरच ती आहे असे कळावे. त्या वेळी बोलायचे नाही. श्वाससुद्धा लयीत घ्यायचा. मी दारातून बघत उभी राही आणि मला वाटे, हा माणूस काहीतरी लिहितो आहे, फक्त अक्षरे एकावर एक अशी हजारो वेळा, म्हणून कोणाला वाचता येत नाहीत.

आता त्या बहिणीविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यामुळे घडले. तिला सगळे बाय म्हणत. काकाही बाय म्हणत, मीही. ती काकांहून मोठी, लग्न न केलेली, ताठ पाठीची आणि कामाला वाघ. वाडीतली भाजी तिच्या हातून बाजारात जाई. पहाटे खुडलेला माठ, मेथी, पालक ती मांडीवर घेई, सगळ्या मुळ्या एका बाजूला, सगळे शेंडे एका बाजूला, असे हाताने थोपटून सारखे करी आणि केळीच्या सोपटाच्या दोरीने एका झटक्यात आवळून जुडी बांधी. तिने बांधलेली जुडी बाजारात कोणी उलगडून पाहत नसे. आणि ही बाय गात असे. चर्चच्या सणाच्या सकाळच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, एक जुने मराठी गीत ती एकटी गाई आणि काका तिला गिटारवर साथ देत. ते दोघे लहान असताना ही प्रथा कशी पडली ते आता कोणालाच आठवत नव्हते. पण सणाला ते गीत झाले नाही असे वर्ष गेले नव्हते. तिचा आवाज गोड नव्हता. तो जाड होता, थोडा घोगरा, चुलीवरच्या भाकरीसारखा खरपूस, आणि तो कानांत शिरण्याआधी छातीवर ठेवल्यासारखा वाटे.

पुढे चर्चमध्ये मोठे कर्णे आले, कॉयरसाठी, म्हणजे गाणाऱ्या मंडळींसाठी, कीबोर्ड आला आणि त्यांच्या चुलतभावाचा मुलगा कॉयरचा मास्तर झाला. मुलगा गुणी होता, नम्रही होता. त्याने एक दिवस ओसरीवर बसून, किल्ल्या खोक्यात ठेवून, हळूच विषय काढला. "काका, मागच्या सणाला तुमची गिटार कोणाला ऐकूच गेली नाही. बायचा आवाज माइकवर, तुमची साथ नुसती लाकडाची. लोक म्हणतात, बाय एकटीच गाते. यंदा मी कीबोर्डवर साथ देतो, तुम्ही आरामात पुढे बसा."

"कीबोर्डवर बाय गाणार नाही," काका म्हणाले.

"मी गाईन की नाही ते मी सांगीन," आतून बाय म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "नाही गाणार."

झाले, पैज लागल्यासारखे झाले. सणाच्या आत काका आपल्या गिटारला पिकअप बसवणार, साथ कर्ण्यांतून साऱ्या चर्चला ऐकू जाणार; नाहीतर ते गीत यंदापासून बंद. मास्तरानेही ते मान्य केले. इतकी वर्षे काकांनी दुसऱ्यांसाठी पिकअप केले होते. स्वतःच्या गिटारला कधीच केला नव्हता, कारण उत्तमोत्तम कांड्या त्यांना खर्चायच्या नव्हत्या. आता त्यांनी त्या काढल्या. टाचण्या एकाखाली एक लोंबू देऊन त्यांनी प्रत्येक कांडीचा जोर पाहिला, सारख्या जोराच्या सहा निवडल्या आणि उरलेल्यांबरोबर फडताळात परत निजवल्या. तार यायची होती, ती आली की गुंडाळायला घेणार होते. त्या दिवसांत ते अंगणात चालतानाही पाऊल जपून टाकत.

सणाआधी सांडोरच्या घराघरांतून सफाई निघते. भिंतींना चुना लागतो, पेट्या उपसल्या जातात, गाद्या उन्हात पडतात. काका तार आणायला मुंबईला गेले होते. बायने घर काढले आणि घराबरोबर फडताळही काढले. तांदळाच्या पुरचुंड्या बदलल्या, कप्पे पुसले आणि सुपात घेतलेल्या त्या कांड्या पाहून तिचा जीव हळहळला असणार. इतकी वर्षे भाऊ जपतो आहे, पण ठेवण्याची काही रीत नाही, कोणाचे डोके वर, कोणाचे खाली. तिने तिला येत होती ती रीत लावली. सगळे लाल ठिपके एका बाजूला केले, तळहाताने थोपटून सारखे केले. पण चुंबकाच्या कांड्या मेथीसारख्या ऐकत नाहीत. सारखी डोकी जवळ आली की त्या एकमेकींना ढकलतात. बायने त्यांना सोपटाच्या दोरीने आवळले, पक्के आवळले आणि नीटस जुड्या करून फडताळात ओळीने उभ्या केल्या. उशांच्या पट्ट्या तिने खिळेमोळ्यांच्या डब्यात टाकल्या.

काका आले तेव्हा मी ओल्या चुन्याचा वास घेत दारातच उभी होते. त्यांनी फडताळ उघडले आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक जुडी उचलली, दोरी सोडली, एका कांडीला टाचणी लावली. टाचणीखाली दुसरी लावली. दुसरी गळून पडली. फरशीवर टाचणी पडल्याचा तो आवाज एवढासा होता. पण काकांनी डोळे मिटले.

"बाय," ते म्हणाले, "यांना बांधलं कोणी?"

"मी बांधलं. भांडत होते."

"भांडत होते म्हणून तर सोडायचं."

"भांडतात त्यांना बांधूनच ठेवावं लागतं. तुला मला आईने कसं ठेवलं?"

आम्हाला वाटले, काका ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते. ते ओसरीवर जाऊन बसले आणि शनिवार आला तरी वाटी घेऊन आले नाहीत. मी आपण होऊन कणीक नेली, तर म्हणाले, "राहू द्या, वहिनी. आता कशाला." सारखी डोकी दाबून ठेवल्याने चुंबक एकमेकांचे बळ खातात, हे त्यांनी मला फार शांतपणे सांगितले. बाय आत भाजी निवडत होती. तिने सारे ऐकले, आणि त्या दिवशीच्या तिच्या जुड्या सैल बांधलेल्या होत्या.

त्यांना उठवले ते मास्तराने, आणि तेही सांत्वन करता करता. त्याच्या कानावर सारे गेले होते. "काका, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "कीबोर्डमध्ये गिटारपण आहे. बटण दाबलं की वाजते. कोणाला फरक कळणार नाही."

काकांनी मान वर केली. "त्यात बटणावर तुझी बाय पण आहे का?"

"काका, तसं नाही..."

"नाही ना? मग तुझी पेटी घरी ठेव. सणाला गिटार माझी वाजेल."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून स्टेशनकडे गेले. तिथे स्कूटरच्या चुंबकांना पुन्हा जोर भरून देणारा एक मेकॅनिक होता. कांड्या रुमालात होत्या, आता पुन्हा जोडीजोडीने, उशांसकट. पुढचे मला यजमानांनी हसत आणि थोडे घाबरत सांगितले. मेकॅनिकने हातातला नटबोल्टांनी भरलेला लोखंडी डबा पुढे केला. "टाका यात, अंकल. एक शॉट देतो, एकदम कडक होतील." काका म्हणाले, "या डब्यात?" तो म्हणाला, "हां, सगळे यातच टाकतात." काका म्हणाले, "माणसाला असा डब्यात टाकून शॉट देशील?" तो म्हणाला, "माणसाला कुठे देतो, अंकल, मॅग्नेटला देतो." काकांनी रुमाल खिशात घातला आणि स्कूटरवर येऊन बसले. "चला," ते म्हणाले. "याच्या हातून ताकद घेण्यापेक्षा अशक्त राहिलेले बरे."

आणि त्यांनी त्या अशक्त कांड्यांचाच पिकअप केला. शिवणयंत्राचे चाक बायने धरले. काकांच्या खांद्याला तेव्हा कळ येत होती. ती फिरवत होती, ते तार सोडत होते, दोघेही बोलत नव्हते, आणि रुसलेल्या माणसांचे मौन कामाच्या मौनात केव्हा मिसळले ते मला सांगता येणार नाही. मी तिथे कणीक घेऊन उभी होते आणि या वेळी ती घट्ट होती.

सणाच्या सकाळी चर्च फुलांनी, मेणाने आणि नव्या कपड्यांच्या खळीच्या वासाने भरले होते. मास्तर कर्ण्यांच्या कळीपाशी, आवाज कमी पडला तर वाढवायच्या तयारीत, चिंतेने उभा. काकांनी पहिली तार छेडली. तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. पोरांच्या पिकअपांना एक चरचर असते, तव्यावर पाणी पडल्यासारखी. ती यात नव्हती. खोल विहिरीत पोहरा टेकावा आणि पाणी काठापर्यंत हलत जावे, तसा तो स्वर गोल होत होत पसरला आणि शेवटच्या बाकापर्यंत गेला. त्याच्यावर बायचा आवाज उभा राहिला. तिला ढकलणारे खाली काही नव्हते. मास्तराचा हात कळीवरून आपोआप खाली आला. मी आमच्या देवळांतली, मला त्या गीताचे शब्दही नीट ठाऊक नव्हते, पण माझ्या शेजारची म्हातारी कोळीण पदराने डोळे पुसत होती आणि मी तिच्याकडे बघायचे टाळत होते.

पुढे या पिकअपची कीर्ती झाली. वांद्र्याहून एक जाणकार गिटारवाला मुद्दाम आला. त्याने वाजवून पाहिले आणि सांगितले की फार जोराचा चुंबक तारेला आपल्याकडे ओढून धरतो, तिला मोकळेपणी थरथरू देत नाही; बळ थोडे उतरले की तार सुटते आणि सूर गोड होतो, परदेशात कारागीर हे मुद्दाम करतात. मलाही असाच, जुडी बांधलेला पिकअप करून द्या, असे त्याने विनवले. बाय दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे उजाडले ते पाहून काका अधिकच ताठ झाले. "ते चुकलेले चुंबक आहेत," ते म्हणाले. "चुकलेला माल मी देत नाही."

"पण काका, गोड वाजतो."

"गोड वाजला म्हणून बरोबर झाला, असं नाही."

बाय आत गेली आणि आतून तिचे हसणे ऐकू आले. उरलेल्या कांड्या काकांनी त्याच आठवड्यात उशांवर, डोक्याला पाय लावून, पूर्वीसारख्या निजवल्या आणि फडताळाला कुलूप घातले, अर्थात पितळेचे. स्वतःच्या गिटारमधला पिकअप मात्र त्यांनी कधी बदलला नाही. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "वेळ कुठे आहे."

कालांतराने आम्ही स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. लोखंडी कपाट दिवाणखान्यात, चांगल्या भिंतीला लागले. सांडोरला जाणे कमी कमी होत गेले. एका श्रावणात बाय गेल्याचे कळले. आम्ही गेलो तेव्हा काका ओसरीवर बसले होते आणि पायरीशी खोका रिकामा होता, कारण त्या दिवशी कोणी काही काढून ठेवले नव्हते आणि त्यांनीही कोणाला हटकले नव्हते. सणाच्या सुमारास त्यांचा निरोप आला: या.

आम्ही पोहोचलो तेव्हा चर्चच्या दाराशी मास्तर त्यांच्याशी बोलत होता. आता तोही कानांवर पिकलेला. "काका, एक मुलगी तयार केली आहे. बायच्या जागी ती गाईल."

"बायच्या जागी कोणी नाही."

"मग गीत कसं होणार?"

"मी वाजवीन."

"निदान चाल तरी मी कीबोर्डवर धरतो. नुसती साथ कशी वाजवणार?"

"हात लावून बघ," काका म्हणाले. मास्तराने हात लावला नाही.

त्यांनी नुसती साथ वाजवली. गाण्याची चाल कुठेच नव्हती. फक्त तिच्याखाली जे असते ते होते. सगळ्या चर्चला ते गीत पाठ होते आणि कोणी ओठ हलवले नाहीत. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, जिथे थांबायचे काही कारण नव्हते, काकांचा हात तारांवर थबकला. क्षणभर मला वाटले, विसरले. मग ध्यानात आले की शेवटच्या काही वर्षांत बायला ती ओळ एका दमात पुरत नसे. ती तिथे श्वास घेई. आम्हाला कोणालाच ते कधी जाणवले नव्हते, कारण त्यांचा हात तिच्याबरोबर थांबत असे. सारे चर्च तेवढा श्वास थांबले. मग साथ पुढे निघाली.

बाहेर अंगणात मी त्यांना म्हणाले, "काका, फार सुंदर वाजवलंत."

"वाजवलं कुठे, वहिनी," ते म्हणाले. "साथ केली." आणि सणाचे ताट घेऊन येणाऱ्या बायकांना वाट द्यायला ते गिटार छातीशी धरून बाजूला झाले.